कुणासाठी आणि कुणापासून

राइस मिलच्या धंद्याचं एक छोटं मासिक पत्रक मी गोंदियातून संपादित करतो. धानाची आवक, भरडाईचे नियम, यंत्रांची माहिती, शासकीय परिपत्रकं सोप्या भाषेत, असा त्यातला मजकूर असतो. पहिल्या पानाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: ‘केवळ सभासदांसाठी’. ती ओळ माझ्याच आग्रहानं तिथं राहिली. काढून टाकावी असं कुणी सुचवलं की मी विरोध करायचो आणि माझ्या बाजूनं बोलणारे बरेच असायचे. आता ती काढावी असं मला मनापासून वाटतं. हे मत एका दिवसात बदललेलं नाही. म्हणून ते कसं बदललं, हे सभासदांसमोर सविस्तर मांडायला हवं.

आधी जुन्या मताची बाजू सांगतो. ती कच्ची नव्हती. भंडाऱ्यातून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला, पण इथल्या राइस मिलांचा व्यवसाय त्याच्या कितीतरी आधीचा आहे. मुंबई–हावडा लोहमार्ग, एका बाजूला बालाघाट, दुसरीकडे राजनांदगाव आणि चहूकडे धानाची शेती. यामुळे मिला इथं दाटीनं उभ्या राहिल्या. सगळ्यांचा हंगाम एक, हमाल तेच, बँका त्याच, बारदाना पुरवणारेही तेच. अशा ठिकाणी एखादा मिलमालक ‘माझा लॉट नाकारला गेला’ किंवा ‘बँक गॅरंटी अडकली’ असं लिहून कळवतो, तेव्हा तो स्वतःची पत पणाला लावत असतो. ते बाहेर गेलं तर व्यापारी उधारी थांबवतो आणि बँक वेगळ्या नजरेनं पाहू लागते. दार बंद असेल तरच माणूस खरं बोलतो, हा माझा विश्वास होता. त्यातला अर्धा भाग मी आजही सोडलेला नाही.

उरलेला अर्धा डळमळला तो ‘आपला धंदा’ या शब्दांवर नीट विचार करू लागलो तेव्हा. खासगी खरेदी-विक्रीत धान माझं, तांदूळ माझा, नफा-तोटाही माझा. शासकीय भरडाई तशी नसते. आधारभूत खरेदी योजनेत शेतकरी केंद्रावर धान देतो. मार्केटिंग फेडरेशन किंवा देवरी, नवेगावबांधसारख्या भागात आदिवासी विकास महामंडळ ते खरेदी करतं. ते धान भरडाईसाठी मिलकडे येतं आणि क्विंटलमागे ६७ किलो कच्चा किंवा ६८ किलो उकडा तांदूळ परत द्यावा लागतो. केंद्राचा भरडाईचा मूळ दर कच्च्या तांदळासाठी अनेक वर्षं क्विंटलला १० रुपये इतकाच राहिला. राज्य शासन त्यात भर घालतं, आणि कोंडा, कणी, भुसा मिलकडे राहतो. परत गेलेला तांदूळ रेशन दुकानात पोहोचतो. म्हणजे या व्यवहाराच्या एका टोकाला शेतकरी आहे, दुसऱ्या टोकाला शिधापत्रिका घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई आहे, आणि आम्ही मधले आहोत. जी माहिती या दोन्ही टोकांशी बांधलेली आहे, ती फक्त मधल्यांची मालमत्ता कशी मानायची?

हा प्रश्न खरा टोचला तो उन्हाळी धानाच्या वेळी. इटियाडोह धरणाचं पाणी मिळतं त्या पट्ट्यात उन्हाळी धान चांगलं होतं, पण मे महिन्याच्या उन्हात कापलेलं आणि भराभर वाळलेलं धान मिलमध्ये तुटतं. दाण्याला आतून बारीक तडे गेलेले असतात. शेलरमधून ते कसेबसे निघतात आणि पॉलिशरमध्ये त्यांची कणी होते. कच्च्या तांदळात तुकड्याचं प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत मान्य आहे. उन्हाळी धानात ती मर्यादा पाळून ६७चा उतारा, म्हणजे क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ, देणं अवघड जातं, ही आमची जुनी तक्रार आहे. आम्ही निवेदनं देतो, मंत्र्यांना भेटतो. उताऱ्याचे आकडे मात्र आम्ही आमच्याच पत्रकात, आमच्यापुरतेच ठेवत होतो. सडक अर्जुनीकडच्या एका शेतकऱ्यानं खरेदी केंद्रावर मला विचारलं, “भाऊ, माझं धान तुटतं म्हणता. मग कोणाचं तुटत नाही, ते तरी सांगा.”

त्याचं म्हणणं सरळ होतं. कोणत्या वाणाचा उतारा किती आला, कापणीच्या वेळी ओलावा किती होता, धान उन्हात वाळवलं की सावलीत, हे सगळं आम्हाला ठाऊक असतं, कारण ते आमच्या यंत्रातून जातं. दाणा फुटण्याचं कारण मात्र घडतं त्याच्या शेतात आणि खळ्यावर. उपाय ज्याच्या हाती आहे त्यालाच आम्ही माहितीपासून दूर ठेवत होतो आणि नुकसान दोघांचं होत होतं. खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, हे शेतकऱ्याला माहीत असतं. त्या १७ टक्क्यांपर्यंत धान कसं आणलं, यावर तांदूळ अखंड राहणार की तुटणार हे ठरतं. ते त्याला सांगणारं कुणी नसतं.

त्याच सुमारास पत्रकात एक सदर सुरू करावं, अशी सूचना आली: पुढच्या महिन्यात कोण काय भाव लावणार, याचा अंदाज. माझ्या जुन्या तर्कानं पाहिलं तर याला हरकत घेण्याचं कारणच नव्हतं. बंद पत्रक अशाच गोष्टींसाठी असतं, असं म्हणता आलं असतं. निर्णय घेण्याआधी मी स्पर्धा कायदा, २००२ वाचला. कलम ३ सांगतं की एकाच धंद्यातल्या स्पर्धकांनी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष भाव ठरवणं, पुरवठा आवळणं, बाजार वाटून घेणं किंवा निविदांमध्ये संगनमत करणं स्पर्धेला बाधक आहे, असं गृहीत धरलं जाईल. सिमेंटचं प्रकरण सर्वांना माहीत आहे. जून २०१२ मध्ये स्पर्धा आयोगानं ११ सिमेंट कंपन्यांना मिळून ६,००० कोटींहून अधिक दंड केला. अपिलात तो आदेश रद्द होऊन प्रकरण आयोगाकडे परत आलं, २०१६ मध्ये आयोगानं पुन्हा दंड केला आणि २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो कायम ठेवला. त्यात उत्पादकांच्या संघटनेलाही दंड झाला. भावांची माहिती संघटनेमार्फत गोळा होऊन सभासदांत फिरत होती, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता.

इथं माझा विचार उलटा फिरला. दार बंद असल्यानं ज्या मजकुराला बळ येईल असं मी समजत होतो, तोच मजकूर दार बंद असल्यानं घातक ठरतो. बाजार समितीतले कालचे भाव कुणीही छापावेत, ते जाहीरच असतात. उद्याचे भाव आपसांत कुजबुजत ठरवणं मात्र गुपित ठेवलं तरी चुकीचं आहे, किंबहुना गुपित ठेवल्यामुळेच चुकीचं आहे. शेतकऱ्यासमोर जे वाचून दाखवता येणार नाही, ते सभासदांच्या पत्रकातही छापायचं नाही, अशी पहिली कसोटी मला मिळाली. ते सदर सुरू झालं नाही.

बंद दाराचा आणखी एक तोटा बाहेरच्या एका घटनेनं दाखवला. २०२० मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट आणि मंडला जिल्ह्यांत रेशनच्या तांदळाचे नमुने केंद्राच्या पथकानं तपासले आणि तो तांदूळ माणसांनी खाण्याजोगा नाही, कोंबड्यांच्या खाद्याच्या दर्जाचा आहे, असा निष्कर्ष काढला. ती बातमी आमच्याही धंद्यावर सावली टाकून गेली. नीट काम करणाऱ्या मिलांकडेही लोक संशयानं पाहू लागले. त्या वेळी आमच्याजवळ सांगण्यासारखं खूप होतं: नमुने कसे घेतात, दर्जा कसा तपासतात, गोदामात तांदूळ कशामुळे बिघडतो. ते सगळं आमच्या बंद पत्रकांच्या फायलींत होतं. एरवी दार उघडलंच नसेल तर अडचणीच्या दिवशी उघडून कुणी आत डोकावत नाही.

इतकं झाल्यावर मी दुसऱ्या टोकाला जाऊन सगळं नावानिशी उघड करा असं म्हणायला लागलो असतो. मला तिथून मागे खेचलं अपघातांच्या नोंदींनी. मिलमध्ये एलेव्हेटरच्या पट्ट्यात हात सापडतो, ड्रायरला आग लागते, धुळीनं श्वास कोंडतो. यातला मोठा अपघात पोलिसांपर्यंत जातो. थोडक्यात हुकलेला अपघात मात्र कुणी कुणाला सांगत नाही, आणि शिकण्यासारखं सगळ्यांत जास्त त्यातच असतं. विमानसेवेनं यावर उत्तर शोधलेलं आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि विमानतळांवरचे कर्मचारी आपल्या हातून झालेल्या आणि थोडक्यात टळलेल्या चुका नासाला कळवतात. नासालाच का, तर शिक्षा करण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. ती सांगणाऱ्याची ओळख पुसून टाकते आणि त्यातल्या निवडक हकिगती ‘कॉलबॅक’ नावाच्या मासिक पत्रकात सगळ्या जगासाठी खुल्या करते. नाव बंद, धडा खुला. गुन्ह्याला आणि प्रत्यक्ष अपघाताला मात्र त्या व्यवस्थेत गोपनीयतेचं कवच नाही. हा अपवादही मला तितकाच मोलाचा वाटतो. चूक सांगणाऱ्याला आसरा द्यायचा, भेसळ करणाऱ्याला नाही.

गोंदियात नाव पुसणं अमेरिकेइतकं सोपं नाही, हेही कळलं. ‘देवरीकडची एक मिल’ असं लिहिलं तरी चहाच्या टपरीवर नाव निघतं. म्हणून मजकुरातून तालुका, मिलची क्षमता, महिना असे सगळे खुणेचे तपशील काढावे लागतात आणि शक्य असेल तर हंगाम उलटू द्यावा लागतो. आकड्यांचंही तेच आहे. तालुक्यात दोनच मिलांनी उतारा कळवला असेल, तर त्यांची सरासरी म्हणजे एकाच्या हाती दुसऱ्याचा आकडा देणं होय. सांख्यिकी संकलन कायदा, २००८ सरकारलाही बजावतो की एका व्यक्तीची किंवा आस्थापनेची माहिती ओळखू येईल अशी प्रसिद्ध करू नये. सरकारला जे बंधन आहे ते आमच्या पत्रकानं आपणहून पाळावं. मिला थोड्या असतील तिथं दोन-तीन तालुके एकत्र करून आकडा द्यावा.

नाव कुठं झाकायचं हे ठरलं, पण नाव कुठं द्यायलाच हवं हे मला दादाजी खोब्रागडे यांच्या आयुष्यानं शिकवलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड हे त्यांचं गाव. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या शेतात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या. त्यांचं बी त्यांनी वर्षानुवर्षं निवडत, वाढवत नेलं. घड्याळाच्या नावावरून त्या वाणाला एचएमटी म्हणू लागले. दादाजींनी बी कुणापासून लपवलं नाही आणि ते झाडीपट्टीभर आणि बाहेरही पसरलं. गोंदियाच्या मिलांतूनही तो बारीक तांदूळ निघतो. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला, आणि आपलं श्रेय आपल्याला मिळालं नाही असं दादाजी २०१८ मध्ये निधन होईपर्यंत सांगत राहिले. ज्ञान खुलं करताना माणसाचं नाव गळालं, तर तो खुलेपणा अपुरा राहतो. आमच्या मिलांमधले मिस्त्री चाळणी आणि रोलर लावण्याच्या अशा युक्त्या जाणतात की ज्यांनी उतारा सुधारतो. ती युक्ती त्यांची भाकरी आहे. तिच्याबद्दल लिहायचं तर त्यांच्या संमतीनं आणि त्यांच्या नावानं लिहायचं, आणि ते नको म्हणाले तर अजिबात लिहायचं नाही.

आज मी जिथं पोहोचलो आहे, ते थोडक्यात असं. गुपित समोर आलं की मी दोन प्रश्न विचारतो: हे कुणासाठी झाकायचं आहे, आणि कुणापासून? अडचणीतल्या सभासदासाठी, जखमी हमालासाठी, मिस्त्रीच्या कसबासाठी झाकायचं असेल, तर मी ते कुणी कितीही मागितलं तरी देणार नाही. शेतकऱ्यापासून, रेशनवर जगणाऱ्यांपासून, जाब विचारण्याचा हक्क असलेल्यांपासून झाकायचं असेल, तर ते माझ्या पत्रकात बंद राहणार नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्येही साधारण हाच तोल आहे. कलम ८ व्यापारी गुपितांना संरक्षण देतं, पण व्यापक जनहित मोठं असेल तर ती उघड करण्याची वाट ठेवतं.

याची किंमत आहे आणि ती मी लपवत नाही. पत्रक खुलं झालं की काही सभासद लिहिणं थांबवतील. काहींना वाटेल की मी शेतकऱ्यांच्या बाजूला गेलो. उताऱ्याचे आकडे शासन आमच्याविरुद्ध वापरेल, ही भीतीही अगदीच निराधार नाही. पण आकडे एकाच पद्धतीनं गोळा केलेले, सगळ्यांसमोर ठेवलेले आणि कुणालाही तपासता येतील असे असतील, तर ६७च्या उताऱ्याबद्दलची आमची तक्रार पहिल्यांदाच पुराव्यावर उभी राहील. बंद खोलीतला खरा आकडा निवेदनात नुसती तक्रार ठरतो.

येत्या उन्हाळी हंगामापासून वाण, ओलावा आणि उतारा यांचा तक्ता मिलांची नावं न देता खरेदी केंद्रांवर आणि ग्रामपंचायतींत लावावा, असा प्रस्ताव मी सभासदांपुढे ठेवतो आहे. तो वाचून शेतकरी आम्हाला उलट प्रश्न विचारतील, त्यांतले काही अडचणीचेही असतील. त्यांची उत्तरं छापण्यासाठी दर अंकात एक पान मोकळं ठेवायची माझी तयारी आहे.