पाचर

गेल्या मृगापासून माझ्या उजव्या हाताला कंप सुटला आहे, आणि ३८ मिलिमीटरची टाचणी तुरीच्या शेंगांवरच्या हिरव्या ढेकणाच्या पाठीत, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, उतरवण्याचे काम, जे चाळीस वर्षे निमूट होत आले, ते आता माझ्या हुकमतीत राहिलेले नाही. म्हणून काटोलच्या संत्राबागेत वाढलेला एक विद्यार्थी हल्ली टाचणी धरतो आणि मी भिंगातून पाहतो.

टाचणी जिथे उतरते ती त्रिकोणी पट्टिका मध्यवक्षाची, आणि तिच्या नावाने मला आयुष्यभर छळले. अग्रवक्ष, मध्यवक्ष, पश्चवक्ष यांविषयी माझी तक्रार नाही. परंतु पुढे ऐसपैस पसरलेले अग्रवक्षाचे पृष्ठक पाहून नवखा त्यालाच अवघे वक्ष समजतो, आणि पुढचे पंख ज्याला जडलेले असतात त्या मध्यवक्षाची, पंख मिटल्यावर, एवढ्या त्रिकोणाखेरीज पाठीवर दुसरी खूण उरत नाही. लॅटिनने त्याला 'स्कुटेलम', म्हणजे इवलीशी ढाल, म्हटले. मी त्यावरून 'फलकिका' घडवली. डॉ. रघुवीरांनी ज्या नागपुरात परिभाषेचा प्रचंड उद्योग मांडला, तिथे आपलाही एक शब्द चलनात यावा, ही हाव मी अभ्यासाच्या नावाखाली जोपासली, आणि मसुद्यातला तो शब्द कोणी बदलला की रात्रभर मला झोप येत नसे.

परवा विद्यार्थ्याने मिटलेला पंख सुईच्या टोकाने अलगद उचलला, पुन्हा बसवला, आणि म्हणाला, "सर, हे तं पाचर आहे." कुदळीच्या तुंब्यात दांडा घट्ट बसावा म्हणून ठोकतात, ती. त्रिकोणाच्या कडेला बारीक खाच असते आणि मिटल्या पंखाची कड तिच्यात अडकून राहते. ती खाच मी शेकडो आकृत्यांत रेखाटली, पण नाव शोधताना आकारापाशीच थांबलो, त्याने काम पाहिले.

हल्ली छायाचित्र धाडले की कीटकाचे नाव घरबसल्या मिळते. ती सोय मी नाकारत नाही. तथापि मिटल्या पंखाखालची खाच छायाचित्रात येत नाही, त्यासाठी पंख उचलावा लागतो, आणि तो न मोडता उचलणारे हात दिवसेंदिवस विरळ होत आहेत, याचे मला मनस्वी दुःख आहे.

मसुद्यातली 'फलकिका' मी अद्याप खोडलेली नाही. समासात शिसपेन्सिलीने 'पाचर' लिहिले आहे, कापऱ्या अक्षरात.