यंदाचे सिनेमे, गाणी, पुस्तकं आणि एक रिंगटोन



डिसेंबर संपत आला की मोबाइलवर याद्या सुरू होतात. वर्षातले दहा सिनेमे, दहा गाणी, दहा पुस्तकं. या याद्या कोण करतं आणि त्यात कोणाचं जगणं येतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपला वर्षअखेर तसाही वेगळ्या तारखांनी मोजला जातो : ६ डिसेंबर, २५ डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिन, मग १ जानेवारीला भीमा कोरेगाव आणि ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. तरी २०२५ ची यादी मी करते आहे. आमच्या तळेगावच्या (श्यामजी पंत) अभ्यासिकेतल्या पोरापोरींनी ती मागितली, हे एक कारण. दुसरं कारण माझं स्वतःचं आहे, ते पुढे येईलच.

पहिला सिनेमा ‘होमबाउंड’. नीरज घायवानचा. मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला, सप्टेंबरमध्ये थिएटरला लागला, भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. आमच्यापर्यंत पोहोचला तो नोव्हेंबरच्या शेवटी, नेटफ्लिक्सवर. एकाच्या मोबाइलवरून टीव्हीला जोडून आम्ही पंधरासोळा जणांनी तो पाहिला. त्यातले निम्मे पोरं पहाटे पाचला आर्वी रोडवर धावायला जाणारे, पोलीस भरतीची तयारी करणारे. आणि सिनेमातले चंदन आणि शोएब हे दोघं मित्रही पोलीस शिपाई व्हायचं स्वप्न बघणारे! एक दलित, एक मुसलमान. पहिला अर्धा तास कुणी हूं की चूं केलं नाही.

चंदन भरतीचा फॉर्म भरताना राखीव प्रवर्गाचा रकाना सोडतो, सर्वसाधारणमधून अर्ज करतो. आडनाव सांगायला कचरतो. घायवाननं स्वतः कित्येक वर्षं जात लपवल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे, म्हणून तो प्रसंग ऐकीव वाटत नाही. पण सिनेमा संपल्यावर एका पोरानं जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर माझ्या समाजशास्त्राच्या एम.ए.त नव्हतं. तो म्हणाला, “ताई, पिच्चर भारी आहे, पण दरवेळी आपलाच पोट्टा कायले मरते?”

मी सांगितलं की ही कथा खऱ्या घटनेवर आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी परतणाऱ्या दोन मित्रांची, बशारत पीर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलेली. त्यातला एक खरंच वाटेत गेला. पोराचं समाधान झालं नाही, आणि मला वाटतं त्याचंच बरोबर आहे. घायवानवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो आपण मेल्यावरच ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं त्या प्रेक्षकावर आणि त्याच प्रेक्षकानं केलेल्या याद्यांवर. म्हणून मी ‘धडक २’ सुद्धा यादीत घेते. तो ‘परियेरुम पेरुमल’ या तमिळ सिनेमावर बेतलेला आहे, मूळची धार त्यात नाही, गाणी तर मी पुढे ढकलली. पण नीलेश शेवटी जिवंत राहतो, उलटून उभा राहतो. पोरांना ते फार आवडलं.

‘फुले’ बघायला मात्र आम्ही अमरावतीला गेलो. जोतिबांच्या जयंतीला, ११ एप्रिलला येणारा सिनेमा काही ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांनंतर २५ एप्रिलवर गेला. सेन्सॉर बोर्डानं ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला लावले. ‘तीन हजार वर्षांची गुलामी’ ची ‘कित्येक वर्षांची’ झाली. सिनेमा म्हणून तो साधा आहे, थोडा शाळेच्या गॅदरिंगसारखा. पण प्रश्न असा आहे की एकोणिसाव्या शतकातल्या जातींची नावं विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात उच्चारायची नाहीत, हे ठरवणारे कोण? आमच्या जातीचं नाव दाखल्यावर चालतं, शिवीत चालतं, पडद्यावर चालत नाही!

आता गाणी. यंदा सगळ्यात जास्त काय ऐकलं असेल तर कडुबाई खरात. अमरावतीचा १०० आरबीएचही ऐकला. आपल्या वऱ्हाडी बोलीत रॅप होतो हे पोरांना त्याच्यामुळे कळलं. वामनदादा कर्डकांना यादीत घालायची गरज नाही, ते आमच्या घरात भिंतीसारखे आहेत. बाबांकडे कॅसेटचा एक पत्र्याचा डबा होता. जयंतीच्या आधी आठवडाभर प्रल्हाद शिंदे सकाळपासून सुरू, माय चुलीपाशी गुणगुणायची.

मी पहिल्या नोकरीला लागले तेव्हा माझ्या फोनवर भीमगीताची रिंगटोन होती. ऑफिस कुठलं ते राहू द्या. मीटिंगमध्ये फोन वाजला. कुणी काही बोललं नाही. एकजण फक्त हसला आणि म्हणाला, “अच्छा, तुम्ही त्यातल्या का.” संध्याकाळी बसमध्ये बसल्या बसल्या मी रिंगटोन बदलली, कंपनीची टिंग टिंग लावली. पुढच्याच वर्षी, मे २०१५ मध्ये, शिर्डीत एका दलित तरुणाचा मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून खून झाला. लग्नाला आलेला, नर्सिंग शिकणारा पोरगा. ती बातमी वाचून मला आधी काय वाटलं असेल? संताप नंतर आला. आधी वाटलं, बरं झालं मी बदलली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

म्हणून चंदननं सोडलेला रकाना बघताना मी पोरांकडे बघत नव्हते, माझ्या फोनकडे बघत होते. आवडनिवड ही ज्यांची खासगी बाब असते त्यांनी खुशाल याद्या कराव्यात. आपल्यात गाणं आवडणं आणि ते उघड वाजवणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर आपण भित्रे आहोत म्हणून पडलेलं नाही.

पुस्तकांचं थोडक्यात सांगते. यंदा दीक्षाभूमीवरून तीन पिशव्या आणल्या. पण सगळ्यात जास्त हातात राहिलं ते जुनंच : उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९). २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली. सुमारे पंचवीस हजार बाया जमल्या, अध्यक्ष होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्याला विरोध, गिरणीतल्या बायांना रजा, हे ठराव तिथे झाले. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी! अभ्यासिकेतल्या एकाही मुलीला सुलोचनाबाईंचं नाव माहीत नव्हतं. मलाही बी.ए.पर्यंत नव्हतं. इथे कुणी मरत नाही, बाया ठराव मांडतात. त्या पोराच्या प्रश्नाला माझ्याकडे असलेलं उत्तर सध्या एवढंच आहे. यावर सिनेमा निघाला तर मी पहिल्या रांगेत बसेन.

२५ तारखेला ही यादी विहारात वाचून दाखवली. रिंगटोनचा भागही वाचला. अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, “ताई, मग आता कोणती आहे?”

फोन काढून दाखवला. व्हायब्रेटवर होता. तिनं तो हातातून घेतला आणि कडुबाईंचं गाणं लावून दिलं.

परवा आर्वीच्या एसटीत तो वाजला. बस खच्चून भरलेली. सवयीनं हात बटणाकडे गेला, मग तिथेच थांबला. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, “पोरी, उचलत कायले नाहीस?” म्हटलं, “वाजू द्या जरा.”

जय भीम.