उचल आणि पाऊस

दिवाळीनंतर घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीस जो जाईल, त्यास एकाच रस्त्यावर माणसांचे दोन ओघ दिसतील. अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्याचे 'सागर' हे दुसरे युनिट येथे असल्यामुळे परगावची ऊसतोड कुटुंबे कोप्या घालून राहावयास येतात. आणि त्याच सुमारास जिल्ह्यातील कोरडवाहू गावांची जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. माणसांची मोजदाद हत्यारावरून व्हावी, यावर निराळे भाष्य नको.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडून पोट भरले. त्या अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. तो दुष्काळ लोकांनी आयुष्यातील एक आपत्ती म्हणून सोसला. पुढे २०१२, २०१४, २०१५, २०१८ अशी कोरडी वर्षे पाठोपाठ आली. २०१२-१३ मध्ये जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लेकरासारख्या जपलेल्या झाडांवर शेतकऱ्यांनी स्वतःच कुऱ्हाड चालविली. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पावसात दीर्घ खंड पडतो आणि मग तो एकदम कोसळतो. २०२५ च्या सप्टेंबरात तो असा कोसळला की गोदाकाठची उभी पिके पाण्याखाली गेली, कित्येक ठिकाणी मातीही खरवडून गेली.

लोक पावसाला कंटाळून गाव सोडतात, असे आपण सहज म्हणतो. परंतु ते जातात कोठे? त्याच पावसावर वाढणाऱ्या उसाकडे. मुकादमाकडून घेतलेली उचल टनामागे तोडणीतून फेडावयाची असते. दुष्काळी वर्षी ऊस घटतो, हंगाम लवकर आटोपतो, उचल अंगावर राहते आणि पुढील सालचा कोयता आजच बांधला जातो. अतिवृष्टी झाली तर फडात गाडी शिरत नाही व दिवस फुकट जातात. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. त्या घरातच भाकर संपली म्हणून नामीचे कुटुंब मवाबात गेले. मवाबात निदान धान्य होते.

पर्यावरणाच्या ऱ्हासामुळे परागंदा होणाऱ्यांना कायदा निर्वासित मानीत नाही, ही खंत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात व्यक्त केली होती. आमचा ऊसतोड्या तर कागदोपत्री स्वखुशीने गेलेला असतो.

याच जिल्ह्यातील कडवंचीने वेगळी वाट धरली. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाने, गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविले. पुढे तेथे शेततळी व द्राक्षबागा झाल्या. मुरलेले पाणी मात्र ज्याचे शेत त्याच्याच विहिरीस लागते. भूमिहीन माणूस बागेतही मजूरच राहतो. तरी तो संध्याकाळी आपल्या घरी परततो, त्याची मुले त्याच शाळेत टिकतात. हा फरक आम्ही थोडा मानीत नाही.

नाताळच्या मिस्सेला आमच्या मंदिरात म्हातारी माणसे आणि त्यांच्या ओच्याला धरलेली नातवंडे तेवढी असतात. यंदा एका आजीने प्रसादासाठी आणलेल्या करंज्यांतून चार बाजूला काढल्या. "लेक-सून अक्षय्य तृतीयेला येतील," त्या म्हणाल्या, "तोवर टिकतील का हो, फादर?"