सरळ वाचता येणारा कोड

नाव, पत्ता आणि फोन नंबर एवढंच वाहून नेणारा क्लास जुन्या जावात लिहायचा, तर गेटर, इक्वल्स, हॅशकोड, टूस्ट्रिंग धरून अख्खा स्क्रीन भरायचा. लिहिण्याचा त्रास नव्हताच, आयडीई सगळं लिहून द्यायचा. त्रास होता वाचणाऱ्याला. त्या गर्दीत कुणी एखादी ओळ मुद्दाम बदलली असेल, तर ती डोळ्यांना दिसणार कशी? मार्च २०२१ मध्ये जावा १६ने रेकॉर्ड पक्के केले आणि तोच क्लास एका ओळीत मावला. आता रेकॉर्डमध्ये हाताने लिहिलेलं इक्वल्स दिसलं की मी थांबतो. इथे काहीतरी खास आहे, हे कोडच सांगतो.

जावातला प्रत्येक नवा बदल मी असाच तपासतो: माझ्यानंतर हा कोड वाचणाऱ्याला तो सोपा जाईल का?

या कसोटीवर मला सगळ्यांत मोलाचे वाटतात ते व्हर्च्युअल थ्रेड. रॉन प्रेसलर यांच्या पुढाकाराने चाललेल्या प्रोजेक्ट लूममधून ते आले आणि सप्टेंबर २०२३च्या जावा २१मध्ये पक्के झाले. त्याआधी जावाचा प्रत्येक थ्रेड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा एक थ्रेड, आणि त्याच्या स्टॅकसाठी साधारण एक एमबी जागा राखलेली. असे काही हजार थ्रेड चालतात, लाखभर चालत नाहीत. शिवाय सर्व्हरवरचा थ्रेड बहुतेक वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत नुसता अडकलेला असतो. म्हणून आम्ही रिॲक्टिव्ह पद्धतीकडे वळलो. सर्व्हरला ते मानवलं, पण कोडचे तुकडे झाले. रात्री प्रॉडक्शनवर एरर आली की स्टॅक ट्रेसमध्ये लायब्ररीच्या पोटातल्या मेथडची रांग दिसायची आणि मूळ कॉल कुणी केला, त्याचा पत्ता लागायचा नाही.

व्हर्च्युअल थ्रेड वाट बघायला लागला की जेव्हीएम त्याचा स्टॅक हीपमध्ये ठेवतं आणि खालचा खरा थ्रेड दुसऱ्या कामाला देतं. त्यामुळे ऑर्डर आण, स्टॉक बघ, बिल लिही, या तीन ओळी पुन्हा एकाखाली एक लिहिता येतात. एरर आली तर साधा ट्राय-कॅच पुरतो. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये अडकलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा थ्रेडही धरून ठेवायचा, ही मोठी अडचण मार्च २०२५च्या जावा २४ने बहुतांशी दूर केली. अर्थात आकडेमोडीचं काम याने वेगवान होत नाही आणि डेटाबेसची कनेक्शनं पूर्वीइतकीच राहतात. ती मर्यादा आपणच सांभाळायची.

सील्ड इंटरफेस आणि पॅटर्नवाला स्विच यांची जोडीही अशीच कामाची. कार्ड, यूपीआय, रोख यांत पेमेंटचा नवा प्रकार आला, की तो जिथे जिथे हाताळायचा राहिला तिथे कंपायलरच अडवतो. मात्र स्विचमध्ये डिफॉल्ट लिहून ही राखण घालवायची नाही.

स्ट्रिंग टेम्प्लेट जावा २१ आणि २२मध्ये प्रिव्ह्यू म्हणून होते, २३मध्ये काढून घेतले. अनेकजण हळहळले. माझा मात्र भाषेवरचा विश्वास वाढला. जावात एकदा पक्कं झालेलं सहसा बाहेर जात नाही, पुढची कित्येक वर्षं ते लोकांना वाचावं लागतं. मग मनासारखं जमलं नाही म्हणून वेळीच मागे घेणं हे चांगल्या कारागिराचंच लक्षण.

प्रोजेक्ट वल्हालाची वाट मी याच भरवशावर बघतोय. त्याचं काम २०१४पासून चालू आहे. त्यातले व्हॅल्यू क्लास आले, की स्वतंत्र ओळख नसलेले छोटे ऑब्जेक्ट मेमरीत सलग मांडण्याची मोकळीक जेव्हीएमला मिळेल. आज लाखो नोंदींच्या हिशेबात ऑब्जेक्टचा भार नको म्हणून आम्ही रक्कम साध्या लाँगमध्ये ठेवतो. नवा माणूस ते बघतो आणि विचारतो, हे रुपये की पैसे? व्हॅल्यू क्लास आले की सगळ्यात आधी मी त्या लाँगच्या जागी ‘रक्कम’ नावाचा टाइप लिहिणार आहे.