सासूबाईंचा गोल ओव्हन

दिवाळी जवळ आली की आमच्या बेळगावच्या गल्लीत एक प्रश्न हमखास निघतो, ‘तुमचा ओव्हन कशानं घासता हो?’ हल्ली नानकटाई, केक, बिस्किटं घरीच होतात. मग आतल्या भिंतींवर तुपातेलाचे शिंतोडे उडतात, पुन्हा पुन्हा भाजले जातात आणि त्यांचा असा तपकिरी थर बसतो की नख लावलं तरी हलत नाही. परवा शेजारच्या वहिनी त्यासाठी दुकानातून फवाऱ्याची बाटली घेऊन आल्या. मी ती हातात घेतली आणि चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचू लागले.

‘अहो, ओव्हन पुसायचाय, परीक्षा द्यायची नाही!’ वहिनी हसल्या.

मला मात्र हसू आलं नाही. त्या बारीक अक्षरांशी माझी जुनी ओळख आहे.

माझं माहेर बेळगावचं. आईकडची मंडळी चिक्कोडीची, त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड एकाच ताटात. सासर मात्र दूर, तिगावचं. कोल्हापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, नागपूरला उतरायचं आणि तिथून इटारसीच्या गाडीनं पांढुर्णा. गाव मध्य प्रदेशात; पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ पासून पांढुर्णा हाच वेगळा जिल्हा झाला आहे. तिथेही आपल्यासारखंच. शाळेत आणि कचेरीत हिंदी, चुलीपाशी मराठी. १९५६ च्या राज्यरचनेत आपण म्हैसूरकडे गेलो, ते मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे लग्न होऊन गेले तेव्हा मला परकं असं काही वाटलं नाही. फक्त सासूबाईंचं ‘मले’, ‘तुले’ कानात बसायला महिनाभर लागला, आणि माझं ‘अडिगे सोडा’ त्यांच्या कानात बसायला तेवढाच.

सासूबाईंकडे एक गोल ओव्हन होता. अल्युमिनियमचा, झाकणाला मधोमध काच असलेला. एका वर्षी संत्र्याचा बहार चांगला उतरला तेव्हा सासऱ्यांनी नागपूरहून आणलेला. एरवी रोडगे अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावरच भाजायचे. पण पावसाळ्यात गोवऱ्या पेटेनात की त्या याच ओव्हनमध्ये भाजत. वर तुपाची धार. ते तूप थाळीत ओघळायचं आणि करपायचं. सासूबाई तो ओव्हन वापरून झाला की कोमट असतानाच पुसून ठेवत, तरी वर्षानुवर्षांचा थर कडेला होताच.

२००४ ची दिवाळी. लग्नाला दोन वर्षं झालेली, काहीतरी करून दाखवायची हौस. मी बेळगावहून येतानाच एक परदेशी पद्धतीची ओव्हन साफ करायची बाटली घेऊन गेले होते. दुपारी सगळे आडवे झाल्यावर स्वयंपाकघरात शिरले. धूळ येते म्हणून खिडकी लावून घेतली. लवकर काम व्हावं म्हणून ओव्हन थोडा तापवला आणि वर भरपूर फवारलं.

आधी फेस आला. मग बुडबुडे उठायला लागले आणि पांढऱ्या फेसाचा करडा, मग काळा चिखल झाला. डोळे झोंबले. तेवढ्यात, ‘कायचा वास येऊन राह्यला बाई?’ म्हणत सासूबाई दारात आल्या.

त्यांना दमा होता, आहे. त्यांचा खोकला सुरू झाला तो थांबेना. आम्ही त्यांना ओसरीवर खाटेवर बसवलं, पंप दिला, पण छाती भात्यासारखी चालत होती. दिरांनी जीप काढली आणि त्यांना पांढुर्ण्याला डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळी त्या परत आल्या, पण ती रात्र त्यांनी पाठीशी तीन उशा लावून बसूनच काढली. घरात फराळाचा वास नव्हता, त्या बाटलीचाच होता.

मी सगळ्यांना सांगितलं, ‘बाटली खराब निघाली.’

बाटली खराब नव्हती. तिच्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, अल्युमिनियमवर वापरू नका, गरम भांड्यावर फवारू नका, खिडक्या उघड्या ठेवा. घरात इंग्रजी वाचणाऱ्या दोन माणसांपैकी मी एक. दुसरे दीर, शाळेत विज्ञान शिकवणारे. त्यांनी बाटली उचलली, उलटी करून वाचली आणि काही न बोलता अंगणात नेऊन ठेवली.

नंतर कधीतरी त्यांनीच मला समजावून सांगितलं. त्यात कॉस्टिक सोडा होता, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साईड. करपलेल्या तुपाचा तो साबण करून टाकतो, म्हणून थर सुटतो. पण तोच अल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. ते बुडबुडे त्याचेच. त्या बुडबुड्यांबरोबर कॉस्टिकचे बारीक थेंब हवेत उडतात आणि घशाला, छातीला पोळतात. एनॅमलच्या ओव्हनसाठी बनवलेलं औषध मी अल्युमिनियमला पाजलं होतं.

चार दिवसांनी सासूबाईंना बरं वाटलं. त्यांनी ती काळी पडलेली थाळी मागवली. तिच्यात पाणी, मूठभर चिंच आणि पिळलेल्या लिंबांच्या साली घालून चुलीवर उकळत ठेवली. हळूहळू काळेपणा उतरायला लागला. चिक्कोडीची माझी अज्जी पितळेच्या समया हुणसेहण्णूनं, म्हणजे चिंचेनंच घासायची, ते मला आठवलं. ‘पाह्य, पांढरी होऊन राह्यली,’ सासूबाई म्हणाल्या. थाळी उजळली, पण तिला बारीक खड्डे पडले होते. ते काही भरून आले नाहीत.

त्यानंतर मी ओव्हनला कसलीही बाटली लावली नाही. माझी पद्धत मैत्रिणींना सांगते.

आधी प्लग काढायचा आणि ओव्हन पूर्ण गार होऊ द्यायचा. जाळी आणि ट्रे बाहेर काढून साबणाच्या गरम पाण्यात बुडवायचे. तीन भाग खाण्याचा सोडा आणि एक भाग पाणी असा दाट लेप करायचा. तो भिंतींना, तळाला आणि काचेला लावायचा. कॉईलला मात्र अजिबात नाही. ओव्हन एनॅमलचा किंवा स्टीलचा असेल तर लेप रात्रभर राहू दे. अल्युमिनियमचा असेल तर अर्ध्या तासातच पुसा, कारण सोडा सौम्य असला तरी फार वेळ राहिला तर अल्युमिनियम काळवंडतं. धुण्याचा सोडा त्याहून कडक, तो नकोच.

घासायला तारेची घासणी नको. तिचे तुकडे तुटून कॉईलवर पडतात. मी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी वापरते. कन्नडमध्ये घोसाळ्याला तुप्पद हीरेकाई म्हणतात, तुपाचं दोडकं! तुपाचा थर काढायला तुपाचंच दोडकं, हे सांगितल्यावर सासूबाई खूप हसल्या होत्या.

मग ओल्या फडक्यानं दोन-तीनदा पुसायचं. कोपऱ्यात पांढरा सोडा राहतोच. त्यासाठी व्हिनेगरात तेवढंच पाणी घालून, फडक्यावर घेऊन फिरवायचं. फसफसतं आणि निघून येतं. काहीजणी सोडा आणि व्हिनेगर आधीच एका वाटीत मिसळतात. फेस छान दिसतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हाती नुसतं खारट पाणी उरतं. आणि व्हिनेगरजवळ ब्लीच कधीही आणू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तिगावहून संत्री आली की त्यांच्या साली मी बरणीत व्हिनेगरमध्ये दोन आठवडे मुरवते. सालीतलं तेल तुपाचा चिकटपणा सोडवतं आणि वासही छान येतो. पण हे तेल पेट घेतं. लहानपणी पणतीजवळ साल पिळून ठिणग्या उडवल्या असतीलच तुम्ही! म्हणून ते फक्त गार ओव्हनला लावायचं आणि नंतर साध्या पाण्यानं नीट पुसून काढायचं. शेवटी ओव्हन पूर्ण वाळला की रिकामाच दहा मिनिटं चालवायचा, खिडकी उघडी ठेवून.

एवढ्यानं पंचवीस वर्षांचा थर एका दिवसात जात नाही, हेही खरं. दोन-तीनदा करावं लागतं, हात दुखतात. सासूबाईंची कोमट असतानाच पुसायची सवय असेल तर निम्मं काम वाचतं.

२०११ मध्ये त्यांनी तो ओव्हन मला दिला. ‘मले आता वाकता येत नाही, तू घेऊन जाय.’ ओव्हन पोत्यात बांधताना ती खड्ड्यांची थाळी हातात आली आणि माझ्यानं राहवलं नाही. ‘आई, त्या दिवशी बाटली खराब नव्हती. त्यावर लिहिलं होतं. मीच वाचलं नाही,’ मी म्हणाले.

त्या दोरी आवळत होत्या. ‘मले माहीत होतं,’ त्या म्हणाल्या. ‘त्यानं तवाच सांगतलं होतं. गाठ नीट मार, गाडीत सुटंल.’

सात वर्षं त्यांना माहीत होतं, आणि सात वर्षांत त्यांनी एकदाही ते तोंडावर आणलं नव्हतं.

परवा वहिनींची ती बाटली मी वाचून दाखवली. त्यांचा ओव्हन एनॅमलचा, तेव्हा धातूची भीती नव्हती. पण त्यांच्या घरी सहा महिन्यांचं नातवंड आहे. बाटली परत गेली आणि आम्ही दोघी सोड्याचा लेप कालवायला बसलो. तेवढ्यात तिगावहून फोन आला. काय चाललंय म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, ‘आई, ओव्हन पुसतोय.’

पलीकडून नेहमीचाच प्रश्न आला, ‘खिडकी उघडली काय?’