वायरी दोन, खांब एक

मी बीसीएची. मराठी मंडळाच्या बैठकीला आले की कुणीतरी विचारतंच, कॉम्प्युटरवालीचं इथं काय काम? म्हणून या अंकासाठी कॉम्प्युटरचीच गोष्ट लिहिते. त्यात शेवटी शहाणपण सांगितलं ते कॉम्प्युटरवाल्यांनी नव्हे.

जुलैत रस्ता खोदताना आपल्या कॉलेजची केबल तुटली, हे सगळ्यांना आठवत असेल. परीक्षेच्या फॉर्मची मुदत दोन दिवसांवर आली होती. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून बसनं येणाऱ्या मुलींच्या घरी रेंज नसते, त्यांचा भरवसा कॉलेजच्या लॅबवर. लॅबच्या सरांनी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन एकेकीचा फॉर्म भरून घेतला. संध्याकाळची बस चुकेल म्हणून दोघी रडकुंडीला आल्या होत्या. त्यानंतर कॉलेजनं दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं आणि ते फायरवॉलला जोडताना सरांनी मला बरोबर घेतलं.

फायरवॉल म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा समजा. आतलं माणूस बाहेर जाऊ शकतं, त्याला आलेलं उत्तर आत येऊ शकतं. न बोलावता आलेल्याला मात्र दारातच थांबवलं जातं. आपल्याकडे एका जुन्या कॉम्प्युटरवर पीएफसेन्स ही मोफत प्रणाली टाकून हे काम करतात. आतल्या बाजूला लॅन, बाहेरच्या बाजूला वॅन. आता वॅन दोन झाले. पहिल्याला आयपी पत्ता हातानं द्यायचा होता. दुसरं पीपीपीओईचं, म्हणजे यूजरनेम-पासवर्ड दिल्यावर चालू होणारं. त्यात प्रत्येक पाकिटातले ८ बाइट त्या पद्धतीलाच लागतात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ ची मर्यादा.

खरी गंमत पुढं आहे. लाइन मेली हे डब्याला कळतं कसं? तो सारखा पलीकडे हाक मारत असतो. ‘ओ’ आली की लाइन जिवंत. पण हाक कुणाला मारायची हे सांगितलं नाही, तर तो गेटवेलाच मारतो. पहिल्या लाइनचा गेटवे म्हणजे आपल्याच भिंतीवरचा कंपनीचा राउटर! बाहेर केबल तुटली तरी तो इमानदारीत ‘ओ’ देत राहणार. म्हणून सरांनी दोन्ही लाइनींना लांबचे, वेगवेगळे पत्ते दिले. दोन्हींसाठी वेगळा डीएनएसही दिला, नाहीतर लाइन असून नावं सापडत नाहीत. दोन्ही लाइनी एकदम वापरता येतात. पण मग एकाच माणसाची विनंती कधी या पत्त्यावरून तर कधी त्या पत्त्यावरून जाते, आणि काही साइट्स मध्येच लॉगआउट करतात. फॉर्म भरणाऱ्याला ते परवडणारं नव्हतं. म्हणून पहिली मुख्य, दुसरी राखीव.

सरांनी पहिली वायर उपसली. काही सेकंद सगळं थांबलं आणि परत सुरू झालं. आम्ही खूश. तेवढ्यात चहा घेऊन आलेले अटेंडर मामा म्हणाले, “सर, वायरी दोन झाल्या खरं, खांब एकच हाय की.”

छत्री घेऊन मागच्या फाटकाशी गेलो. कंपन्या दोन, बिलं दोन, आणि दोन्ही वायरी एकाच खांबावरून शेजारी शेजारी आत आलेल्या. स्क्रीनवर दोन्ही लाइनी हिरव्या होत्या, ते काही खोटं नव्हतं. पण खांब स्क्रीनवर दिसत नाही. तो रोज फाटक उघडणाऱ्याला दिसतो.

सरांनी कंपनीच्या मागं लागून दुसरी वायर समोरच्या रस्त्यानं आणवली. लॅबच्या भिंतीवर जोडणीचा नकाशा आहे. त्यात आता राउटर आणि स्विचबरोबर दोन्ही खांबही काढलेत. ते कुठं काढायचे, हे मामांनीच बोट ठेवून दाखवलं.

ऑक्टोबरात एका दुपारी फांदी पडून मागची वायर तुटली. ग्रंथालयात शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मैत्रिणीला पान एकदा परत लोड करावं लागलं, एवढंच. अर्ज गेला, आणि पाचची बसही तिला मिळाली.