मंद उजेडातील डोळा

मनुष्याचा डोळा ही परमेश्वराची मोठी उदार देणगी होय. भर दुपारच्या उन्हात तो पाहतो आणि वातीच्या मिणमिणत्या उजेडातही आपले माणूस ओळखतो. यंत्राच्या डोळ्याला मात्र हे सहजी साधले नाही.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये दूरचित्रवाणीचे कॅमेरे बसविले होते. पण ऊन ढळले की त्यांचे चित्र फिके पडे. त्याच काळी इंग्लंडात एमिट्रॉन कॅमेरा आला. त्याच्या नळीत अभ्रकाच्या पत्र्यावर चांदीचे प्रकाशग्राही सूक्ष्म कण पसरलेले असत. प्रकाश पडताच त्यांत विद्युत्भार साठे व इलेक्ट्रॉनांचा झोत तो टिपून घेई. परंतु त्या झोताने उडालेले इलेक्ट्रॉन पुन्हा त्याच पत्र्यावर पावसासारखे पडत. साठलेला भार वाया जाई आणि चित्रावर नसलेल्या सावल्या उमटत. १२ मे १९३७ रोजी सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकाची मिरवणूक याच कॅमेऱ्यांनी लंडनच्या भरल्या आभाळाखाली कशीबशी टिपली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनी, सुपर-एमिट्रॉन प्रथम वापरला गेला. त्यात प्रकाश झेलणारा पडदा व भार साठविणारा पडदा निराळे केले होते. त्यामुळे संवेदनशीलता कितीतरी पटींनी वाढली. २४ डिसेंबर १९४८ रोजी तर पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरातील मध्यरात्रीची मिस्सा दूरचित्रवाणीवर दिसली.

आज आमच्या धर्मग्रामात पास्काच्या रात्री सारे दिवे मालवितात. एकाच मेणबत्तीचा उजेड उरतो आणि तरुण मुले तेवढ्यावर ते दृश्य मोबाइलने घरोघर पोहोचवितात. यंदा पास्कानंतर आम्ही एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना ख्रिस्तप्रसाद द्यावयास गेलो. त्या म्हणाल्या, “फादर, आख्खी मिस्सा दिसली. तुमच्या हातातली मेणबत्तीसुद्धा दिसली. पण मी कुणाला दिसले?”

हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. स्वतःचेच उडालेले कण स्वतःवर पडू लागले की समोरचे चित्र डागाळते, हे एमिट्रॉनचे दुखणे मनुष्याच्या मनालाही जडते. आपल्याच चिंता, आपलीच धावपळ यांच्या सावल्या आपण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाहतो. मंदिरात धनिकांच्या दानाचा खणखणाट चालू असता प्रभूची दृष्टी मात्र दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेवर गेली. तिच्यावर कोणाचाही प्रकाशझोत नव्हता.

पुढील रविवारपासून मोबाइल धरणाऱ्या मुलांपैकी दोघे आमच्याबरोबर आजाऱ्यांच्या घरी येऊ लागले आहेत. तेथे ते मोबाइल खिशात ठेवतात आणि आजींच्या उशाशी बसतात.